आठ मिनिटांचा डोंगर

भाऊबीजेला बहिणीकडे जाताना सोबत सुक्या बोंबलांची पिशवी न्यावी, यात मला तरी काही वावगं वाटलं नव्हतं. एस.टी.तल्या मंडळींना वाटलं. गगनबावड्याचा घाट चढेपर्यंत माझ्या शेजारची जागा दोनदा रिकामी झाली आणि शेवटी कंडक्टरने ती पिशवी टपावर टाकायला लावली. कोल्हापूरला गाडी बदलली, तिथेही तीच कथा. पुण्याला पोचलो तेव्हा मी एकटाच मोकळेपणाने पाय पसरून बसलो होतो.

मी देवगडच्या बाजूच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. शाळा अगदी किनाऱ्यावर. त्यामुळे क्षितिजाच्या धड्याला मला कधीच कष्ट पडले नाहीत. आकाश जिथे पृथ्वीला टेकल्यासारखं दिसतं ती रेषा म्हणजे क्षितिज, एवढं म्हणायचं आणि समुद्राकडे हात करायचा. सूर्य रोज त्याच रेषेत बुडतो, आम्ही रोज बघतो. माझी धाकटी बहीण शालू लग्न होऊन चिंचवडला गेली तेव्हापासून पत्रात लिहायची, "दादा, इथे सगळं मिळतं, फक्त तुझं क्षितिज मिळत नाही." सत्तर सालानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत दिवाळी आणि रमजान खेटून येत होते. त्यातल्याच एका वर्षी मी ते क्षितिज शोधायला, म्हणजे खरं तर फराळ खायला, चिंचवडला निघालो.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. खडकी, दापोडी मागे पडली आणि कासारवाडीपासून दोन्ही बाजूंना कारखाने सुरू झाले. लांबच लांब पत्र्याच्या शेड, त्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं, मधे बाभळी, मधेच एखादं ज्वारीचं शेत आणि शेतात उभं राहून गाडीकडे बघणारी म्हैस. पिंपरीला गाडीत एकदम जेवणाचे डबे घेतलेले कामगार शिरले. सगळ्यांचे खाकी किंवा निळे कपडे, सगळ्यांच्या खिशाला पेन. दिवाळीची सुट्टी फक्त लक्ष्मीपूजनाची, असं एकाने मला फार अभिमानाने सांगितलं.

शालूचं घर दोन खोल्यांचं, चाळीतलं, पण लखलखीत. भावोजी एका कारखान्यात टर्नर आहेत. त्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याकडे कुणी पाहत नसे. सगळा व्यवहार भोंग्यावर (कारखान्याची पाळी बदलताना होते ती मोठी शिट्टी). भोंगा झाला की शालू कुकर उतरवते, दुसरा झाला की शेजारच्या काकू नळाला हंडा लावतात. संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहून सूर्यास्त शोधू लागलो तेव्हा समोर पाण्याची टाकी, तिच्यामागे धुराडं, त्याच्यामागे दुसरं धुराडं. भावोजी म्हणाले की इथे सूर्य भोंग्यानेच मावळतो, तुम्ही आत येऊन चकल्या खा. मी आत जाऊन चकल्या खाल्ल्या.

पाडव्याच्या सकाळी भावोजी मला स्कूटरवरून गाव दाखवायला निघाले. स्कूटरच्या मनात तसं नव्हतं. कासारवाडीच्या अलीकडे तिने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. भावोजींनी तिला ढकलत एका पत्र्याच्या गॅरेजपाशी नेलं, जणू दोघं मिळून रोजच तिथे जात असावीत. गॅरेज युसूफचं. तिशीचा, उंच, हसरा माणूस; एका तीनचाकी टेंपोच्या पोटाखालून सरपटत बाहेर आला. रोजा असल्यामुळे स्वतः चहा घेत नव्हता, पण आम्हाला पाजल्याशिवाय स्कूटरला हात लावायला तयार नव्हता. उपाशी माणसासमोर मला चहा गिळवेना. भावोजींना गिळवला.

गॅरेजच्या दारात, एका जुन्या टायरवर, युसूफचे वडील बसले होते. सगळे त्यांना इमामचाचा म्हणत. मूळचे चाकणकडच्या एका खेड्यातले. आयुष्यभर जमीन मोजणी खात्यात मोजणीची साखळी ओढायचं आणि झेंडी धरायचं काम केलं. भोसरीपासून चाकणपर्यंत एकही बांध असा नाही जो त्यांनी पायाखाली घातला नाही. ज्या जमिनींवर आज कारखाने उभे आहेत, त्यांपैकी कितीतरी त्यांनी मोकळा माळ असताना मोजलेल्या. आता नाकावर जाड भिंगांचा चष्मा. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी झालं होतं. डावा अजून धुक्यात होता. नवीन भिंगातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं म्हणून ते पायरी उतरताना पाऊल हवेत ठेवायचे आणि मग स्वतःच हसायचे.

बोलता बोलता चांदाचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी एकोणतिसावा रोजा. संध्याकाळी चांद दिसला तर परवा ईद, नाही तर आणखी एक रोजा. मी म्हटलं, आमच्याकडेही उद्या भाऊबीज, आणि आमची शालू आधी बीजेच्या कोरीला ओवाळते, मग मला. म्हणजे दोघांनाही एकच चंद्र हवा आहे. चाचांना हे फार आवडलं. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि खालच्या आवाजात सांगितलं.

"मास्तर, तीन वरसं मी दुसऱ्याच्या बोटानं चांद बगतोय. लोक म्हणत्यात, त्यो काय तिथं. मला बोट दिसतं, चांद दिसत न्हाई. मग मी म्हणतो, व्हय, दिसला. ईदेच्या तोंडावर खोटं बोलायचं, हे मला लागून ऱ्हायलंय. यंदा डोळा केलाय. यंदा दिसला तर दिसला म्हणीन, न्हाईतर न्हाई म्हणीन."

युसूफ हातातला पाना पुसत राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण मी किनाऱ्यावरचा भूगोलाचा मास्तर. मी लगेच समजावून सांगायला लागलो की कोवळी कोर सूर्याच्या मागोमाग मावळते, ती आकाशात फार वर चढतच नाही, आणि कासारवाडीत पश्चिमेला धुराडी असताना ती दिसणार कशी. तिला उघडं क्षितिज पाहिजे. आणि क्षितिजाची मला सवय आहे, मी तुम्हाला अशा जागी नेतो की चांद चुकायचा नाही. हे बोलताना मला त्या भागातली एकही जागा माहीत नव्हती. चाचा हसले आणि म्हणाले की जागा मला ठाऊक हाय, तुमी फक्त चला. त्यांनी दोन अटी घातल्या. कुणाला आधी दिसला तरी त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि बोट करायचं नाही.

घरी आल्यावर शालूने मला चांगलंच फैलावर घेतलं. वर्षातून एकदा भाऊ येतो आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी तो चाकणच्या वाटेला लागतो. भावोजींची दुपारची पाळी, म्हणजे ती घरात एकटी ताट घेऊन बसणार. पण चाचांचं सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "मग मीच येते. ताट टेंपोत मावेल ना?"

दुसऱ्या दिवशी साडेचारला युसूफ टेंपो घेऊन हजर. टेंपो गिऱ्हाइकाचा होता, दुरुस्तीला आलेला. त्याला लांबवर चालवून बघायचंच होतं, असं युसूफ म्हणाला, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. पुढे युसूफ आणि चाचा, मागे हौद्यात मी, शालू, निरांजन, सुपारी, कुंकवाची कुयरी, खजुराची पुडी, पाण्याची कळशी आणि दोन चटया. नाशिकच्या रस्त्याला लागलो. भोसरीपर्यंत कारखान्यांची कुंपणं सोबत करत होती, मग ती विरळ झाली आणि रानाचा वास येऊ लागला. भुईमूग काढून झालेल्या शेतांतली ओली माती, मधेच कुठे कांद्याच्या रोपांचे हिरवे वाफे. दोन्ही बाजूंना वडाची झाडं, आणि त्यांच्या पारंब्या टेंपोच्या टपाला हात लावून जात होत्या.

मोशीपाशी टेंपो बंद पडला. दुरुस्त झालेला आहे की नाही हे यावरून नक्की झालं. युसूफ इंजिनात तोंड घालून बसला. तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी शेळ्या घेऊन जवळ आले आणि बराच वेळ शालूच्या ताटाकडे पाहत राहिले. कुठे निघालात म्हणून विचारलं. चांद बघायला, असं मी म्हटल्यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"चांद बगायला येवढ्या लांब? आमच्या दारातनं दिसतो की," ते म्हणाले. मग चाचांना ओळखून म्हणाले, "आरं, ह्यो तर साखळीवाला इमाम हाय. जा बाबा. ह्याला समदी रानं ठावं हायती."

इंद्रायणीचा पूल ओलांडून थोडं पुढे गेल्यावर चाचांनी गाडी डावीकडे एका माळावर (आम्ही कोकणात ज्याला सडा म्हणतो, तसलीच उघडी खडकाळ जागा) घ्यायला लावली. आणि खरंच, काय जागा होती. गुडघ्याएवढं पिवळं गवत, मधे काळे खडक, वारा, आणि चारही बाजूंना आकाश. पूर्वेला दूर टेकड्या, खाली चाकणच्या दिशेला थोडा धूर. पश्चिमेला मावळच्या डोंगरांची निळी रांग आणि तिच्यावर सूर्य. मी शालूला म्हटलं, हे घे तुझं क्षितिज. समुद्राच्या जागी डोंगर धरायचा, बाकी सगळं तेच. मला फारच बरं वाटत होतं.

सहाच्या आधीच सूर्याने डोंगराला टेकायला सुरुवात केली. लाल, गोल, आमच्याकडे दिसतो तसाच. आम्ही सगळे बघत उभे होतो. युसूफ सबंध दिवस टेंपोखाली झोपून आलेला. त्याचे ओठ सुकले होते. मशिदीतलं वेळापत्रक भिंतीवरच राहिलं होतं आणि अजान इथवर ऐकू येणार नव्हती. पण मी होतो ना. जन्मभर सूर्यास्त पाहिलेला माणूस. सूर्याची शेवटची लाल कड डोंगरात शिरली, तशी मी पुडी सोडली, एक खजूर युसूफच्या हातावर ठेवला आणि मास्तरकीच्या आवाजात जाहीर केलं की बुडाला, सोडा रोजा.

युसूफने खजूर तोंडाशी नेला.

"थांब," चाचा म्हणाले.

ते ओरडले नाहीत, पण युसूफचा हात जागच्या जागी थांबला. चाचांनी खिशातून एक पितळी पाणसळ (काचनळीतला बुडबुडा मधोमध आला की पट्टी सपाट आहे हे सांगणारं हत्यार) काढली. मोजणी खात्यातून निवृत्त होताना साहेबाने दिलेली. एका खडकावर ठेवून, खाली बारीक चिपा सारून त्यांनी बुडबुडा मधोमध आणला आणि मला म्हणाले की मास्तर, पोटावर झोपा आणि ह्या पट्टीच्या कडेवरनं मावळतीला बगा. मी दिवाळीचा नवा सदरा घालून गवतात पालथा पडलो. पट्टीच्या सपाट रेषेत नजर लावली तर ती रेषा डोंगराच्या पोटातून जात होती. माथा तिच्या चांगला एक बोटभर वर होता.

"ती तुमची आडवी रेघ," चाचा म्हणाले. "डोंगर ती रेघ ठरवत न्हाई, बुडबुडा ठरवतो. सूर्य डोंगराआड गेलाय. बुडायचा हाय अजून."

मी अजून पालथाच होतो. उठायचं धैर्य होत नव्हतं. वर्षानुवर्षं मी पोरांना जी रेषा दाखवत आलो, ती समुद्रावर पाणसळीच्या रेषेला आपोआप जुळत होती, एवढंच. म्हणून मला कधी फरक कळला नाही. इथे मी डोंगराच्या कडेलाच क्षितिज समजून बसलो आणि त्या माणसाचा दिवसभराचा रोजा माझ्या हाताने मोडायला निघालो होतो. मी युसूफची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या मास्तर, इतका वेळ गेला, अजून थोडा जाईल." पण खजूर त्याने मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

मग सूर्य खरा बुडाला हे कळणार कसं, असं मी विचारलं. चाचांनी माझे खांदे धरून मला वळवलं. सगळेजण मावळतीकडे बघतात, म्हणाले, तुम्ही उगवतीकडे बघा. पूर्वेच्या एका टेकडीच्या माथ्यावर अजून पिवळं ऊन होतं. आमच्या नजरेआड गेलेला सूर्य त्या माथ्याला अजून दिसत होता. आम्ही चौघं पश्चिमेकडे पाठ करून उभे राहिलो. ऊन हळूहळू माथ्याच्या टोकाला गेलं आणि विझलं. आणि मग टेकड्यांच्या मागून, अगदी जमिनीला लागून, एक राखाडी निळा पट्टा वर यायला लागला. त्याच्यावर गुलाबी झालर. पट्टा जाड होत होता, झालर वर सरकत होती. पाहता पाहता मला उमगलं की ही पृथ्वीची सावली आहे. मी ती चंद्रग्रहणाच्या धड्यात फळ्यावर कितीदा काढली होती, पण रोज संध्याकाळी ती माझ्या पाठीमागे उगवते हे मला कधी कळलंच नव्हतं, कारण मी कायम समुद्राकडे तोंड करून उभा असायचो.

"आता," चाचा म्हणाले. मी घड्याळात पाहिलं. आठ मिनिटं झाली होती. दोघांनी खजूर तोंडात टाकले, पाणी प्यायले, आणि शालूने आणलेले शंकरपाळे खाल्ले. मला आनंद झाला आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

दोघं चटया पसरून पश्चिमेकडे तोंड करून नमाजाला उभे राहिले. मी आणि शालू मागे थोडं अंतर राखून उभे होतो. त्यांची डोकी जमिनीला टेकली आणि त्याच वेळी शालूने माझं मनगट एवढं जोरात दाबलं की बांगडी रुतली. मी तिच्या नजरेमागोमाग पाहिलं. सूर्य गेला त्या जागेच्या डावीकडे, बऱ्यापैकी वर, नखाच्या कडेएवढी बारीक कोर. शिंगं वर, किंचित डावीकडे कललेली. तिच्या हातातलं ताट हलायला लागलं. मी मान हलवून तिला नको म्हटलं. तिने ओवाळायला हात उचलला असता तर चाचांना दिशा कळली असती. आम्हा दोघांना चंद्र दिसला होता आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. कासारवाडीच्या मशिदीत चांद पाहिल्याची साक्ष लागणार होती ती रोजा धरणाऱ्यांची.

नमाज झाला. युसूफ कमरेवर हात ठेवून आकाशाच्या मधोमध बघू लागला. त्याची सगळी हयात हातभर अंतरावरचे नटबोल्ट बघण्यात गेलेली. त्याला काही दिसेना. चाचांनी मात्र घाई केली नाही. ते पुन्हा खडकापाशी बसले, पाणसळीवरून नजर लावली आणि सपाट रेषेपासून सुरुवात केली. मोजणीत लांबची झेंडी अशीच शोधतात, असं त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. आधी एक आडवा पट्टा डावीकडून उजवीकडे, मग त्याच्या वरचा पट्टा उजवीकडून डावीकडे. आणि डोळा फिरवायचा नाही, मान फिरवायची, कारण त्या जाड भिंगाच्या कडेला काहीच दिसत नाही.

पहिले दोन पट्टे सगळे डोंगराच्या पोटातच गेले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की चाचा, वर बघा. कोर खाली येत होती. आकाश काळवंडत होतं तशी ती जास्त उजळ होत होती, पण खाली येत होती हे नक्की, आणि तिला डोंगर आठ मिनिटं आधी गिळणार हे मी नुकताच शिकलो होतो. चाचांची नजर एकेक पट्टा वर चढत होती, चंद्र एकेक केस खाली उतरत होता. दोघांची गाठ पडायला हवी होती. शालूने डोळे मिटून घेतले होते. मी हात पाठीमागे बांधून एका हाताने दुसऱ्याचं बोट धरून ठेवलं होतं.

चौथा पट्टा. मान उजवीकडून डावीकडे सावकाश निघाली. सूर्याची जागा ओलांडली. आणखी पुढे गेली. कोरीवरूनही गेली. मला वाटलं, संपलं सगळं. मग मान थांबली, आणि तेवढीच सावकाश परत आली.

चाचांनी पाणसळ उचलून खिशात घातली. मग उठून उभे राहिले, युसूफला जवळ घेतलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरून वळवला.

"त्यो बग," ते म्हणाले. युसूफ म्हणाला, "हां अब्बा," आणि लहान मुलासारखा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. दोघांनी हात पसरून दुआ केली. शालू रडत होती, आणि मीही काही कोरडा नव्हतो.

मग एकच धांदल उडाली, कारण कोर आता डोंगराच्या माथ्यापासून दीड बोटावर आली होती आणि शालूचं निरांजन वाऱ्यात पेटेना. तीन काड्या विझल्या. शेवटी युसूफने ऑइलने काळे झालेले आपले मोठे पंजे निरांजनाभोवती धरले आणि त्या आडोशाला ज्योत टिकली. शालूने चंद्राला ओवाळलं, मला ओवाळलं, आणि लगेच युसूफलाही कुंकू लावायला गेली. त्याने आधी वडिलांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "बहीण हाय, लावून घे."

परत येताना टेंपो एकदाही बंद पडला नाही. कासारवाडीच्या मशिदीपाशी गर्दी होती. धुरामुळे तिथे कुणालाच काही दिसलं नव्हतं. मी आणि शालू टेंपोतच थांबलो. फाटकातून आतलं बोलणं ऐकू येत होतं. मौलानांनी चाचांना अदबीने बसवलं आणि एकेक विचारलं. कोणत्या जागेवरून पाहिला, डोंगरापासून किती वर होता, शिंगं कुठल्या अंगाला होती. चाचा न अडखळता सांगत होते. मग, त्यांच्या डोळ्यांची हकीकत सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे, मौलानांनी हळूच विचारलं की चाचा, तुम्ही स्वतः पाहिला की कुणी दाखवला?

"मी पाहिला," चाचा म्हणाले. "ह्या पोराला मी दाखवला."

ईदेच्या दिवशी शीरखुर्मा प्यायला मी आणि भावोजी त्यांच्याकडे गेलो. बोंबील मी सोबत नेले होते. त्यांचं तिथे जे स्वागत झालं ते एस.टी.त झालं नव्हतं. निघताना चाचांनी मला बाजूला घेऊन विचारलं की मास्तर, तुम्हाला चांद कधी दिसला होता. खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, तुम्ही नमाजात असतानाच. शालूलाही.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीचं ताट वाजत हुतं."

मी चकित झालो. म्हणजे चंद्र आकाशात आहे हे त्यांना कळलं होतं. मग नुसतं वळून शालूच्या तोंडाकडे पाहिलं असतं तरी दिशा मिळाली असती, असं मी म्हटलं. चाचांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"मिळाली असती की," ते म्हणाले. "पर मग दुसऱ्याच्या बोटानं बगितला काय आन् दुसऱ्याच्या तोंडावरनं बगितला काय."

परतीच्या प्रवासात मी सबंध वाट हे वाक्य घोळवत होतो. मला त्या माणसाचा हेवा वाटत होता आणि अभिमानही, आणि युसूफच्या ओठांशी गेलेला तो खजूर आठवला की अंगावर काटा येत होता. गाडी गगनबावड्याच्या घाटात उतरू लागली तेव्हा समोर सूर्य खाली आला होता. एका वळणावर तो कड्याआड गेला. शेजारी खिडकीशी बसलेल्या बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, बुडाला एकदाचा दिवस. मी म्हटलं, थांबा, अजून नाही.

पुढच्या वळणावर सूर्य समोर उभा होता. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच तो परत आणला. घाट संपेपर्यंत तो आणखी तीनदा गेला आणि आला, आणि दर वेळी त्या हात जोडण्याआधी मला विचारू लागल्या. शेवटच्या वेळी मी मावळतीकडे पाहिलंच नाही. मागच्या काचेतून वर, आम्ही उतरून आलो त्या घाटमाथ्यावर अजून ऊन होतं. ते विझेपर्यंत मी बाईंना थांबवून धरलं. ऊन विझलं, पूर्वेकडून निळी सावली वर आली, आणि मग मी त्यांना सांगितलं की आता जोडा.